नुसतं ऐकायचं, की म्हणायचं?

पुनरुत्थानकाळाचं मनन : दिवस चौथा
आजचं वाचन : योहान २०:११-१८ (वेळ असेल तर रोमकरांस पत्र १०:१४-१७ सुद्धा)



रविवार झाला. पहाटेची प्रभातफेरी झाली, मंडळीत चहा-समोसा झाला, सगळ्यांच्या स्टेटसवर रिकाम्या कबरेचे फोटो लागले. सोमवारी सकाळी साडेनऊला परत स्टँडअप मीटिंग, आणि मंगळवारपर्यंत आपण विसरूनही गेलो की ईस्टर होता. चाळीस दिवस उपासकाळ पाळणारे आपण पुनरुत्थानाला मात्र एकच दिवस देतो. खरं तर मंडळीच्या पंचांगात पुनरुत्थानकाळ पन्नास दिवसांचा आहे, पेंटेकॉस्टपर्यंत. म्हणजे दुःखापेक्षा आनंदाला दहा दिवस जास्तच दिलेत. आज फक्त चौथा दिवस.

या दिवसांत एक गोष्ट मी दरवर्षी करतो. युरोपातल्या चर्चमधून रेडिओवर आणि इंटरनेटवर जे गायन प्रसारित होतं, ते ऐकतो. काही जण मला विचारतात की, "ते जर्मन, लॅटिन काही कळतं का तुला?" थोडंफार. पण आजचा प्रश्न भाषेचा नाही. प्रश्न असा आहे की हेडफोन लावून, सोफ्यावर बसून चर्चचं गायन ऐकणं म्हणजे उपासना आहे का? मला हा प्रश्न पुस्तकातून पडलेला नाही. कसा पडला ते सांगतो, पण आधी वाचन.

मरीयेनं नेमकं काय ऐकलं?

मरीया मग्दालीया कबरेबाहेर रडत उभी आहे. ती वाकून आत बघते, दोन देवदूत दिसतात. मागे वळते तर येशू उभा. ती त्याला बघते, आणि ओळखत नाही. माळी समजते.

यावर आपण नेहमी एक प्रवचन ऐकतो की डोळ्यांनी ओळख पटली नाही, पण आवाजाने पटली. मीही अनेक वर्षं हेच म्हणायचो. पण वचनं १५ आणि १६ सावकाश वाचा. आवाज तर तिनं आधीच ऐकलाय! का रडतेस, कोणाला शोधतेस, असं येशू तिला विचारतो, आणि त्यानंतरसुद्धा ती त्याला माळीच समजते. म्हणजे आवाज कानावर पडला, शब्द कळले, तिनं उत्तरही दिलं, तरी ओळख नाही. ओळख पटली ती त्यानं तिचं नाव घेतल्यावर. मग ती वळते आणि एकाच शब्दात हाक देते. आणि पुढे काय होतं? तो तिला थांबू देत नाही. जाऊन माझ्या भावांना सांग, म्हणतो. अठराव्या वचनात ती गेलेली आहे आणि सांगते आहे.

तीन पायऱ्या झाल्या. एक, आवाज कानावर पडणं. दोन, तो मला उद्देशून आहे हे कळणं आणि आपण ओ देणं. तीन, स्वतःच्या तोंडानं ते दुसऱ्याला सांगणं. पौल रोमकरांना लिहितो तेव्हा त्याचंही गणित असंच आहे. विश्वास ऐकण्यातून येतो, आणि ऐकायला कोणीतरी सांगणारा लागतो. ऐकणं ही सुरुवात आहे. पण पहिल्याच पायरीवर माणूस आरामात बसून राहू शकतो. हे मी स्वतः केलंय.

चर्चमध्ये मायक्रोफोन आला तेव्हा

थोडा इतिहास. २ जानेवारी १९२१, रविवार संध्याकाळ, अमेरिकेतलं पिट्सबर्ग शहर. केडीकेए हे रेडिओ केंद्र सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांनी तिथल्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चची संध्याकाळची उपासना थेट प्रसारित केली. रेडिओवरची ही पहिली चर्च उपासना मानली जाते. यंत्रं सांभाळायला दोन तंत्रज्ञ आले होते, त्यातला एक कॅथलिक आणि एक यहूदी. उपासनेला आलेल्या लोकांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्या दोघांना चक्क गायकवृंदाचे झगे घालून बसवलं होतं. मला हे चित्र फार आवडतं. आपल्यासारखे तांत्रिक कामं करणारे दोन लोक, कोणाला दिसू नयेत म्हणून क्वायरच्या कपड्यात. मंडळीतल्या साउंडबोर्डवर बसणाऱ्या मुलांनो, तुमची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे.

मग इंग्लंड. ७ ऑक्टोबर १९२६ रोजी बीबीसीनं लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतून सायंकाळची गायनोपासना, म्हणजे कोरल इव्हनसाँग, प्रसारित केली. तो कार्यक्रम आजही चालू आहे. बुधवारी दुपारी एखाद्या कॅथीड्रलमधून किंवा कॉलेजच्या चॅपलमधून प्रसारण, आणि रविवारी पुनर्प्रसारण. रचना ठरलेली असते. स्तोत्रं, जुन्या करारातलं वाचन, मग मरीयेचं गीत (लूक १:४६-५५), नव्या करारातलं वाचन, मग शिमोनाचं गीत (लूक २:२९-३२), प्रार्थना आणि एक मोठं गायन ज्याला अँथेम म्हणतात. उपासकाळात या सगळ्यातून 'हालेलूया' हा शब्द काढून टाकलेला असतो. ईस्टरला तो परत येतो. चाळीस दिवस एक शब्द तोंडातून बाहेर काढायचा नाही आणि मग एका सकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचा, याची ताकद काय असते ते एकदा ऐकून बघा.

लायप्झिगमधली शांतता

आता थोडं जास्त थांबू, कारण माझी गोष्ट इथूनच सुरू होते.

योहान सेबास्टियन बाख १७२३ मध्ये जर्मनीतल्या लायप्झिग शहरात मुख्य संगीतकार म्हणून रुजू झाला. दर रविवारच्या शुभवर्तमानाला धरून नवं संगीत लिहायचं, मुलांकडून बसवून घ्यायचं, सादर करायचं, अशी नोकरी. दर आठवड्याला रिलीज, तीही बग न ठेवता. पण लायप्झिगचा एक नियम होता. उपासकाळाच्या बहुतेक रविवारी वाद्यांसह मोठं गायन बंद. मरीयेला देवदूतानं निरोप दिला तो सण मध्ये आला तर तेवढा अपवाद. म्हणजे काही आठवडे शहरात हे संगीत नाहीच. आणि त्या शांततेनंतर उत्तम शुक्रवारच्या संध्याकाळच्या उपासनेत एकदम दुःखसहनाचं गायन.

बाखनं पहिल्या वर्षासाठी योहानाचं शुभवर्तमान निवडलं, अध्याय १८ आणि १९. तारीख ७ एप्रिल १७२४. त्याची तयारी सेंट थॉमस चर्चसाठी चालली होती, पण नगर परिषदेनं ऐन वेळी कळवलं की यंदा पाळी सेंट निकोलस चर्चची आहे. बाखनं सांगितलं की पत्रकं छापून झालीत, तिथे वर गायकांना जागा नाही, आणि तिथला हार्प्सिकॉर्ड दुरुस्तीला आलाय. परिषदेनं जागा करून दिली, वाद्य दुरुस्त करून दिलं, आणि उपासना निकोलसलाच झाली. डिप्लॉयमेंटच्या तोंडावर सर्व्हर बदलायला लावणारे लोक तेव्हाही होते.

या रचनेचं नाव 'योहानानुसार दुःखसहन', सेंट जॉन पॅशन. दोन भाग, आणि मध्ये प्रवचन. हा कार्यक्रम नव्हता, उपासना होती, हे लक्षात ठेवा. एक टेनर आवाज शुभवर्तमान वाचल्यासारखं गातो. येशू, पेत्र, पिलात यांचे शब्द वेगवेगळे गायक गातात. जमावाचे शब्द सगळा वृंद गातो. आणि मध्ये मध्ये कोराल येतात, म्हणजे लोकांना तोंडपाठ असलेल्या मंडळीतल्या गीतांचे चरण. गोष्ट चालू असते आणि अचानक ती थांबते, आणि ओळखीची चाल येते. जणू गोष्ट ऐकणाऱ्यांना विचारलं जातं की, हे सगळं ऐकून तुझं काय म्हणणं आहे?

एक उदाहरण देतो. योहान १८:२२ मध्ये महायाजकाच्या घरी एक शिपाई येशूला चपराक मारतो. लगेच कोराल येतो. पहिल्या कडव्यात विचारलंय की तुला असं कोणी मारलं? सोपं उत्तर होतं, त्या शिपायानं. किंवा त्या लोकांनी. योहानाच्या शुभवर्तमानातल्या या अध्यायांचा वापर करून ख्रिस्ती लोकांनी शेकडो वर्षं यहूद्यांवर बोट दाखवलं, छळ केला, हे आपण लपवू नये. पण त्या कोरालचं दुसरं कडवं उत्तर देतं की मी मारलं, माझ्या पापांनी मारलं. आणि हे उत्तर कोणा एका गायकाच्या तोंडी दिलेलं नाही. ते मंडळीच्या गीताच्या चालीत दिलंय. बोट वळून स्वतःकडे येतं.

१० एप्रिल २०२०, संध्याकाळी साडेसहा

माझे बाबा आमच्या मंडळीच्या क्वायरमध्ये बेस गायचे. क्वायर म्हणजे फार मोठी नाही, अकरा-बारा जण. सोप्रानोत सात काकू, आल्टोत दोन मावश्या, टेनरमध्ये दोन काका, आणि बेसमध्ये एकटे बाबा. भजन असलं की तेच पेटीवर बसायचे. टिळकांची भजनं त्यांना सगळी पाठ होती. मी लहान असताना त्यांच्या शेजारी बसायचो आणि त्यांचा खालचा सूर मला कानापेक्षा बाकाच्या लाकडातून जास्त जाणवायचा.

नोव्हेंबर २०१९ मध्ये बाबा गेले. त्यानंतर मी मंडळीत जायचो, पण गाणं सुरू झालं की माझं तोंड उघडायचं नाही. पुस्तक हातात, नजर पानावर, बस. कोणी काही बोललं नाही.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. उत्तम शुक्रवारी आमच्या मंडळीची सात उद्गारांची उपासना झूमवर झाली. कोणाचा माइक चालू, कोणाच्या घरी कुकरची शिट्टी, गाणं म्हणायला गेलो तर प्रत्येक जण वेगळ्या ओळीवर. पाळकसाहेब शेवटी म्हणाले, सगळ्यांनी म्यूट व्हा, मी एकटाच म्हणतो. बिचारे. चूक त्यांची नव्हती. आवाज हवेतून एका सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास तीन मिलिसेकंद. क्वायरमध्ये दोघे दहा मीटरवर उभे असतील तर तीस मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि तेवढ्यानंही ताल सांभाळणं अवघड व्हायला लागतं. व्हिडिओ कॉलवर तर याच्या कितीतरी पट उशीर होतो. एकत्र गाणं अशक्यच असतं.

त्याच संध्याकाळी मी लॅपटॉपवर लायप्झिगचं थेट प्रसारण लावलं. तिकडे दुपारचे तीन, येशूनं प्राण सोडला ती वेळ. आपल्याकडे साडेसहा. तिकडचेही सगळे मोठे कार्यक्रम रद्द झालेले. सेंट थॉमस चर्च रिकामं. बाखची कबर याच चर्चमध्ये आहे, आणि त्या कबरेपाशी तीन कलाकार. एक टेनर, आइसलंडचा बेनेडिक्ट क्रिस्ट्यान्सन. एक जण हार्प्सिकॉर्ड आणि ऑर्गनवर. एक जण तालवाद्यांवर. कोरालसाठी मोजके गायक अंतर ठेवून उभे. संपूर्ण योहानाचं दुःखसहन इतक्याच लोकांत.

याचा अर्थ काय झाला बघा. एरवी येशूचा आवाज वेगळा, पेत्राचा वेगळा, पिलाताचा वेगळा. इथे सगळे एकाच गळ्यातून. बागेत शिपाई शोधत येतात तेव्हा ज्याला शोधताय तो मीच, असं कबूल करणारा येशू, आणि थोड्याच वेळात शेकोटीपाशी तो मी नव्हेच म्हणणारा पेत्र, दोघांचा आवाज एकच. मी सोफ्यावर सरळ होऊन बसलो. कारण माझ्याही गळ्यातून रविवारी कबुली आणि सोमवारी ऑफिसात नकार, दोन्ही येतात. आवाज तोच असतो.

आणि मग कोराल. या प्रसारणात जगभरच्या लोकांना आमंत्रण होतं की कोरालच्या वेळी तुम्ही घरून गा. स्वरलिपी आधीच इंटरनेटवर ठेवलेली. कॅनडा, मलेशिया, स्वित्झर्लंड अशा ठिकाणच्या गायकांचे व्हिडिओ मध्ये मध्ये दिसत होते. मी स्वरलिपी डाउनलोड केली होती. बेसची ओळ समोर उघडी होती. आणि मी गप्प बसलो होतो.

आई स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होती. ती पदराला हात पुसत दारात आली, थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ऐकतोस काय नुसता? म्हण की."

मी म्हटलं, "आई, जर्मन आहे ते."

"मग मराठी म्हण. देवाला काय फरक पडतो?"

आणि तिनं स्वतः सुरू केलं. टिळकांचं भजन, बाबांचं आवडतं. चाल वेगळी, भाषा वेगळी, ताल वेगळा, लायप्झिगशी काहीही जुळत नव्हतं. संगीताच्या दृष्टीनं भयानक प्रकार होता. पण तिला ते ऐकू येतच नव्हतं. तिनं कोराल ऐकून एवढंच ओळखलं होतं की हे लोक मंडळीचं गाणं म्हणतायत, आणि मंडळीचं गाणं चालू असताना गप्प बसायचं नसतं.

मी दुसऱ्या ओळीला तोंड उघडलं. आवाज फाटला. तरी म्हटलं.

उशिरानं जुळणारा वृंद

नंतर इंजिनिअरच्या डोक्यानं मी यावर विचार केला. थेट प्रसारण म्हणतो आपण, पण ते थेट नसतं. डेटा एन्कोड होतो, तुकड्यांनी सर्व्हरवर जातो, तिथून आपल्याकडे येतो, प्लेअर थोडा साठा करून मग दाखवतो. काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत उशीर सहज होतो, आणि प्रत्येक घरी वेगळा. म्हणजे त्या दिवशी जे हजारो लोक आपापल्या घरात गायले, ते कोणीच एका क्षणी गात नव्हते. क्वालालंपूरमधला एखादा एका ओळीवर, टोरांटोमधली एखादी दुसऱ्या ओळीवर, आणि पुण्यात आमची आई भलत्याच गाण्यावर. कोणालाच दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नव्हता. तंत्रज्ञानाच्या हिशेबात तो वृंद अस्तित्वातच नव्हता.

पण जो सगळ्यांचं ऐकतो त्याच्याकडे उशीर आहे का? आपण प्रेषितांच्या मतांगीकारात दर रविवारी म्हणतो की पवित्र जनांच्या सहभागितेवर माझा विश्वास आहे. मला ते वाक्य नेहमी म्हातारं वाटायचं. त्या दिवशी थोडं कळलं. बाखच्या कोरालच्या चालींतल्या काही त्याच्याही आधी शंभर-दोनशे वर्षं लोक म्हणत होते. ते लोक गेले. बाख गेला. बाबा गेले. उशीर फक्त जास्त आहे, इतकंच. गाणं एकच चालू आहे.

१७२४ च्या त्या रचनेचा शेवटही असाच आहे. वधस्तंभावर गोष्ट संपते, येशूला कबरेत ठेवतात, सगळे जड सुरात निरोप देतात. पण बाख तिथे थांबत नाही. अगदी शेवटी आणखी एक कोराल ठेवतो. त्यात मरणाऱ्याची प्रार्थना आहे. माझा जीव देवदूतांकडून तुझ्यापाशी ने, देह झोपू दे, आणि शेवटल्या दिवशी मला उठव म्हणजे मी तुला डोळ्यांनी पाहीन. उत्तम शुक्रवारीच ईस्टरची किल्ली हातात ठेवल्यासारखं. आम्ही नोव्हेंबरात बाबांच्या कबरेपाशी उभे होतो तेव्हा पाळकसाहेब हेच वाचत होते. तेव्हा कानावर पडलं होतं. एप्रिलमध्ये ऐकू आलं.

पण पुढे मी काय केलं

इथे गोष्ट संपवली तर छान दिसेल. पण खोटी होईल.

त्या अनुभवानंतर मी बदललो नाही, उलट आळशी झालो. ऑनलाइन उपासनेची सवय लागली. मंडळी उघडली तरी मी घरूनच बघायचो. प्रवचन दीडपट वेगानं ऐकायचो. घोषणा आणि गाणी पुढे ढकलायचो. आणि संगीत हवं असेल तेव्हा जगातला सर्वोत्तम वृंद हेडफोनवर हजर. आमच्या मंडळीत सोप्रानोच्या काकू वरच्या सुराला हमखास खाली घसरतात, इथे केंब्रिजची मुलं काचेसारखी गातात. मग जाऊ कशाला? मी स्वतःला सांगायचो की मी खोल उपासना करतोय. खरं तर मी ग्राहक झालो होतो. आवाज ऐकत होतो, शब्द समजत होतो, आणि येशूला माळी समजत होतो.

२०२२ मध्ये झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या आठवड्यात मी इंग्लंडचं एक अँथेम ऐकत होतो. सॅम्युएल सेबास्टियन वेस्ली या संगीतकाराचं. शब्द पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातले, पुनरुत्थानामुळे मिळालेल्या जिवंत आशेबद्दलचे. त्याची हकिकत मी वाचली. १८३० च्या दशकात वेस्ली हेरफर्ड कॅथीड्रलमध्ये ऑर्गनवादक होता. एका ईस्टरला त्याच्याकडे गायला कोण, तर लहान मुलं आणि एकच बेस. आणि तो बेससुद्धा, असं सांगतात, तिथल्या डीनच्या घरचा नोकर. जे होतं त्यातच वेस्लीनं ते अँथेम बसवलं. आज मोठमोठे वृंद ते गातात, रेडिओवर ईस्टरला हमखास लागतं.

एकच बेस. मी ते तीनदा वाचलं. आमच्या मंडळीत एकच बेस होता आणि आता तोही नव्हता. मी जे सर्वोत्तम म्हणून ऐकत होतो, ते मुळात अपुऱ्या माणसांसाठी लिहिलं गेलं होतं. आणि माझी मंडळी अपुरी आहे म्हणून मी घरी बसून होतो.

रविवारी गेलो. क्वायर सांभाळणाऱ्या काकूंनी काही विचारलं नाही. कपाटातून एक जुनी फाईल काढून माझ्या हातात दिली. बाबांची. आत प्रत्येक गाण्यावर पेन्सिलनं छोट्या खुणा, कुठे श्वास घ्यायचा त्या. काकू म्हणाल्या, "तुझ्यासाठीच ठेवली होती. सूर लागेल हळूहळू."

अजून नीट लागलेला नाही. पण श्वास कुठे घ्यायचा ते माहितीये.

मग ऐकायचं नाही का?

ऐकायचं! जरूर ऐका. मरीयेलाही आधी आवाजच ऐकू आला. घरात अंथरुणावर असलेल्या आजी-आजोबांना, शिफ्टमध्ये काम करणाऱ्या नर्सला, जिथे मराठी मंडळीच नाही अशा गावी राहणाऱ्याला प्रसारण म्हणजे खरी भाकर आहे. त्यांना कोणी कमी लेखू नये. माझा मुद्दा फक्त तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांना दोन्ही शक्य आहे. या पन्नास दिवसांत असं करून बघा:

१. आधी वचन, मग संगीत. ज्या शास्त्रभागावर गायन आहे तो आधी मराठीत मोठ्यानं वाचा. विल्यम बर्ड या इंग्लिश संगीतकाराचं 'हेक डिएस' हे सहा आवाजांचं छोटं गायन आहे, १५९१ मध्ये छापलेलं. ते स्तोत्र ११८:२४ वर आहे. काही मिनिटांतच संपतं. सुरुवातीला हेच घ्या.

२. एका बैठकीत, एकच गोष्ट. दुसरी टॅब उघडायची नाही. बाखचं चौथ्या क्रमांकाचं कॅन्टाटा ऐका. मार्टिन ल्यूथरनं १५२४ मध्ये छापलेल्या ईस्टरगीताची सातही कडवी त्यात आहेत. बाखनं ते तरुणपणी लिहिलं, आणि लायप्झिगमध्ये १७२४ च्या ईस्टरला परत घेतलं. म्हणजे योहानाच्या दुःखसहनानंतर दोनच दिवसांनी. दोन्ही पाठोपाठ ऐकलं तर त्या शहराचा तो आठवडा थोडा जगल्यासारखा होईल.

३. ऐकून झालं की एक गीत स्वतः म्हणा. मोठ्यानं. बेसूर चालेल. शेजारचे काय म्हणतील? एक दिवस म्हणू देत.

४. आणि रविवारी मंडळीत जाऊन तेच करा.

स्वतःला विचारायचे प्रश्न

- माझ्या कानावर पडणारं वचन मला उद्देशून आहे असं शेवटचं कधी वाटलं?
- मंडळीतल्या अपुरेपणाकडे मी ग्राहक म्हणून बघतो की गायक म्हणून?
- मरीयेसारखं जाऊन सांगायचं, तर या आठवड्यात मी कोणाला सांगणार? एक नाव लिहून ठेवा.

प्रार्थना

प्रभू येशू, तू बोलत असतोस आणि मी तुला माळी समजतो. माझं नाव घे, म्हणजे मी वळेन. जे गात गात तुझ्याकडे गेले त्यांच्याबद्दल तुझे आभार. त्यांची रिकामी जागा बघून मला गप्प बसू देऊ नकोस. माझा सूर खरा नसला तरी माझा ओ खरा असू दे. आणि जे आज एकटे, आजारी, दूर कुठेतरी बसून फक्त ऐकू शकतात, त्यांचं न उच्चारलेलं गाणंही तुझ्यापर्यंत पोचू दे. आमेन.

उद्या अम्माऊसच्या वाटेवर जाऊ, लूक २४:१३-३५. तिथेही ते दोघे आधी कितीतरी वेळ नुसतं ऐकतच असतात. वाचून या.